मीटरवाल्याची उमेदवारी

३ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

निर्णय झाला. प्रादेशिक परिषदेची निवडणूक लढवायची. मतदारसंघ उत्तर ग्रामीण, जागा एक. आजपासून रोजनिशी सुरू. मोठ्या माणसांना पुढे आठवणी लिहायला वेळ मिळत नाही, म्हणून आधीच लिहून ठेवलेलं बरं. वही कोणाला दाखवायची नाही.

गणित सोपं आहे. एकतीस वर्षं वीज कंपनीत मीटर रीडर होतो. उत्तर ग्रामीणमधली बावीस गावं, दोन हजार एकशे चाळीस घरं, दर महिन्याला एक फेरी. म्हणजे प्रत्येक घरी मी तीनशे बहात्तर वेळा गेलोय. सख्खा भाऊसुद्धा एवढा जात नाही. घरटी दोन मतं धरली तरी चार हजार दोनशे ऐंशी. मागच्या वेळी ट्रॅक्टर शोरूमवाले तीन हजार नऊशेवर निवडून आले होते. म्हणजे मी जिंकल्यातच जमा आहे. फक्त उभं राहायचं बाकी आहे.

हिला फोन करून सांगितलं. 'बरं,' म्हणाली. आनंद झालेला कळत होता. ही पहिल्यापासून भावना दाखवणाऱ्यातली नाही.

४ फेब्रुवारी

खरं कारण इथे लिहून ठेवतो. परिषदेच्या नियमावलीत पान एकतीसवर आहे: सभासदाला मुख्यालयाच्या शहरात पाच वर्षांसाठी निवास. दोन खोल्या, स्वयंपाकघर, गॅलरी. लेक-जावई त्याच शहरात राहतात. ही चौदा महिन्यांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला दोन महिने म्हणून गेली, ती तिथेच आहे. बाळाला आजीची सवय झाली, जावयाची नोकरी फिरतीची, लेकीची रजा संपली, असं काही ना काही निघत गेलं. मीही म्हटलं, राहू दे.

निवडून आलो की ही दिवसा नातवाकडे, संध्याकाळी माझ्याकडे. गॅलरीत दोन खुर्च्या. हिला गॅलरीची भारी हौस. आमच्या घराला गॅलरी नाही हे मला सव्वीस वर्षांत पुष्कळ वेळा ऐकायला मिळालंय. आत्ता काही बोलायचं नाही. निकालाच्या दिवशी सांगायचं. थक्क होईल.

५ फेब्रुवारी

संकल्प. पहाटे पाचला उठणे. तासभर मोठ्याने बोलण्याचा सराव. मतदारावर चिडायचं नाही. घरच्या मीटरचं रीडिंग दिवसातून एकदाच घ्यायचं.

या शेवटच्याचा खुलासा करायला हवा. निवृत्त झाल्यावर हाताला काम नव्हतं, म्हणून घरच्या मीटरचं रीडिंग घेत असे. सकाळ, दुपार, संध्याकाळ. कशात किती युनिट पडलं ते हिला तिथल्या तिथे सांगायचो. इस्त्री अकरा मिनिटं चालली. पंखा रिकाम्या खोलीत फिरला. तिला ही माहिती उपयोगी पडत असणार, कारण निमूट ऐकून घ्यायची. तेव्हा महिन्याला एकशे बारा युनिट पडायचे. आता अडतीस पडतात. घर कसं शिस्तीत चाललंय, याचा याहून मोठा पुरावा नको.

६ फेब्रुवारी, सकाळी ८.१५

पाचला उठायचं उद्यापासून.

८ फेब्रुवारी

उमेदवारी अर्जाला मतदारसंघातले दहा सूचक लागतात. मला वाटलं, दोन हजार एकशे चाळीस घरांतून दहा निवडायचे म्हणजे बाकीचे नाराज होणार. यादी करायला बसलो. पहिलं घर: डेअरीच्या मागे, निळं दार, मीटर पायरीच्या डावीकडे, काचेला तडा. दुसरं: विहिरीजवळचं, पेटीत नेहमी गांधीलमाशांचं पोळं. तिसरं: लाल कौलांचं, वायर उंदरांनी कुरतडलेली. अशी चाळीस घरं भराभर आठवली. फॉर्ममध्ये मात्र माणसाचं नाव मागतात. फॉर्म करणाऱ्याला ग्रामीण भागाची काही कल्पना दिसत नाही.

१० फेब्रुवारी

दहा सह्या मिळाल्या. सलूनवाल्याच्या दुकानात. आठवडी बाजाराचा दिवस होता, खेड्यातली सगळी गिऱ्हाइकं येऊन बसलेली. गळ्याभोवती कापड, तोंडाला फेस, उठून जायची सोय नाही. मी पेन पुढे केलं. एकानेही नकार दिला नाही. सलूनवाला म्हणाला, वस्तरा माझ्या हातात होता म्हणून दिल्या हो सह्या. या माणसाला माझं चांगलं झालेलं बघवत नाही. पण दुसरीकडे कुठे बसायला जाणार? दाढी रोज तिथेच करतो. घरी आरसा आहे, पण बोलायला कोणी नसतं.

१२ फेब्रुवारी

चिन्हवाटप. बल्ब मागितला, तो यादीतच नाही. पंखा मागितला, तो निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी आधीच पटकावलेला. उरल्या कात्री, बादली आणि शिट्टी. कात्री घेतली.

सलूनवाल्याने कपाळाला हात लावला. अहो, बिल थकलं की लाइन तोडायला तुम्हीच यायचात ना, म्हणाला. आता त्यांनाच कात्री दाखवायला निघालात? मी म्हटलं, कात्री म्हणजे निर्णयक्षमता. तो म्हणाला, माझ्याकडे चार पडल्यात, घेऊन जा.

मतपत्रिकेवर माझा नंबर सहावा. सहापैकी. शेवटचं नाव लोकांच्या लक्षात राहतं.

१४ फेब्रुवारी

पत्रकासाठी फोटो. बिनइस्त्रीचा शर्ट. इस्त्री सापडली, पण तिचं बटण कुठल्या खुणेवर ठेवायचं हे हिलाच माहीत. फोन करून विचारलं असतं, पण एवढ्याशा गोष्टीसाठी उमेदवाराने फोन करणं बरं दिसत नाही. फोटोवाला म्हणाला, काका, जरा हसा. हसलो. तो म्हणाला, राहू द्या, पहिलाच बरा होता.

पत्रकावरचा मजकूर माझाच: 'तुमच्या घरचा जुना माणूस.'

१७ फेब्रुवारी

प्रचाराला प्रारंभ! मोपेडवरून पहिलं गाव. वेळ नेहमीचीच, अकरा ते तीन. एकतीस वर्षांची सवय. बहुतेक घरं बंद. माणसं शेतावर, कामावर. आपले मतदार कष्टाळू आहेत याचा अभिमान वाटला.

बंद दारापुढे उभं राहून वेळ घालवणं मला कधीच जमलं नाही. मीटर बाहेरच्या भिंतीला असतो, त्यामुळे नोकरीतही दार वाजवायची गरज पडायची नाही. पत्रक घडी करून मीटरच्या पेटीत ठेवलं. वारा लागत नाही, पाऊस लागत नाही, कुत्रं खात नाही. दारात टाकलेलं पत्रक संध्याकाळपर्यंत गटारात जातं, पेटीतलं वर्षानुवर्षं टिकतं. एवढ्या वर्षांत ही युक्ती एकाही उमेदवाराला सुचली नाही, याचं नवल वाटतं. एका दिवसात चौसष्ट घरं. दोन-तीन घरं उघडी होती, पण आतली माणसं कामात दिसली. त्रास दिला नाही.

१८ फेब्रुवारी

सलूनवाल्याला युक्ती सांगितली. त्याने विचारलं, मीटरची पेटी उघडतं कोण? मी म्हटलं, मी उघडायचो. तो म्हणाला, तुम्ही सोडून? मी विषय बदलला. अर्ध्या दाढीवर असलेल्या माणसाने वाद घालू नये.

२२ फेब्रुवारी

पहिली जाहीर सभा. स्थळ: चार गावांच्या मधला बसस्टॉप. श्रोते अकरा, उन्हाचा विचार करता उपस्थिती लक्षणीय. मुद्दा पहिला, विजेचा दाब. मुद्दा दुसरा, वाकलेले खांब. मुद्दा दुसरा चालू असताना सगळी सभा एकदम उठून उभी राहिली. मी भारावलो. नंतर मागे वळून पाहिलं तर बस आली होती. एक म्हातारा मागे राहिला. त्याने पूर्ण भाषण ऐकलं. शेवटी विचारलं, ही बस कुठली होती?

२५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.३०

आज प्रचाराला सुट्टी. खुर्चीवर उभं राहून घरातच भाषणाचा सराव केला. आवाज चांगला घुमतो. भांडी कमी झाल्यापासून स्वयंपाकघरात जास्तच घुमतो.

चहाचं भांडं दोन कपांचं आहे. एका कपाचं माप मला कधी जमलं नाही, एक तर करपतो नाही तर पाणचट होतो. म्हणून दोन कप करतो आणि दोन्ही पितो. पहिला खुर्चीवर, दुसरा उभ्याने, थंड झालेला.

सहाला फोन लावला. लेकीने उचलला. आई झोपलीय बाबा, म्हणाली. संध्याकाळी सहाला झोप! वयाप्रमाणे विश्रांती हवीच. मागे कोणीतरी खळखळून हसत होतं, अगदी हिच्यासारखं. टीव्ही लागलेला असणार. ही घरात अशी कधी हसल्याचं मला तरी आठवत नाही.

लेकीने विचारलं, बाबा, तुम्ही येणार होतात ना, त्याचं काय झालं? तिचा रोख नातवाच्या पहिल्या वाढदिवसावर होता. जानेवारीत जाणारच होतो. बॅगसुद्धा भरली होती. पण नळाला गळती लागली. घर टाकून जाता येतं का? मी म्हटलं, निवडणूक होऊ दे, मग मी कायमचाच येतोय. तिने विचारलं, म्हणजे? मी म्हटलं, कळेल. खेळ अगदी रंगात आलाय.

२ मार्च

मतदारयादीची प्रत आणली. सगळ्यात आधी स्वतःचं घर काढलं. साहजिक आहे. घर क्रमांक बरोबर, माझं नाव बरोबर, वय बरोबर. खाली हिचं नाव नाही. पुढचं घर थेट शिंप्याचं.

छपाईची चूक. असल्या ढिसाळ कारभारामुळेच परिषदेत माझ्यासारख्या माणसाची गरज आहे. दुरुस्तीचा अर्ज लिहिला. भाषा कडक ठेवली. 'माझी पत्नी तात्पुरती बाहेरगावी असून' असं लिहिलं. 'तात्पुरती'खाली रेघ मारली.

५ मार्च

निवडणूक कार्यालयात गेलो. खिडकीत चष्मेवाल्या बाई. अर्ज वाचला, कपाटातून एक फाइल काढली, बराच वेळ पानं उलटली. मग म्हणाल्या, काका, हे नाव वगळलेलं नाही, दुसरीकडे नेलंय. मतदाराने स्वतः अर्ज केलाय. मी म्हटलं, अशक्य. त्यांनी पान माझ्याकडे फिरवलं.

सही हिचीच. शेवटच्या अक्षराला जरुरीपेक्षा लांब शेपूट. नवा पत्ता लेकीचा. तारीख मागच्या मे महिन्यातली. कारणाच्या रकान्यात छापील पर्याय होते, लग्न, नोकरी, शिक्षण, कायमचं स्थलांतर. चौथ्यावर खूण होती.

बाईंनी विचारलं, तुम्हाला माहीत नव्हतं? मी म्हटलं, होतं, फक्त खात्री करायला आलो. त्यांनी मला पाणी दिलं. मागितलं नव्हतं.

तिकडच्या दवाखान्यात नाहीतर गॅसच्या कनेक्शनला स्थानिक ओळखपत्र लागत असणार. त्यासाठी खूण केली असेल. पर्याय चारच होते, त्यातल्या त्यात जवळचा निवडला. फॉर्म करणारेच मूर्ख.

परत येताना मोपेड दोनदा बंद पडली. पेट्रोल होतं. आता रात्रीचे दोन वाजलेत आणि झोप येत नाही, चहा कमी करायला हवा.

६ मार्च

हिला काही विचारलं नाही. एवढ्याशा कागदाचा बाऊ कशाला?

७ मार्च

आजही नाही.

९ मार्च

कारस्थान! वीज कंपनीची नोटीस आली. माझ्याच जुन्या ऑफिसची, माझ्याच जुन्या साहेबांच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची सही. एका घरी दुरुस्तीला गेलेल्या वायरमनला पेटीत कागद सापडला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. 'आपण मीटरपेट्यांमध्ये ज्वलनशील साहित्य ठेवल्याचे निदर्शनास आले असून ते सात दिवसांत स्वखर्चाने काढून घ्यावे.' माझ्या विचारांना ज्वलनशील म्हणतात! शोरूमवाल्यांना माझी धास्ती वाटू लागली, याचं हे चिन्ह.

ऑफिसात जाऊन सांगितलं, पत्रकं मतदारांनी वाचायची आहेत. तिथला माणूस म्हणाला, काका, नवे मीटर आले त्याला दोन वर्षं झाली. रीडिंग इथे स्क्रीनवर दिसतं. त्या पेट्या आता कोणी उघडत नाही.

अठरा दिवस, एक हजार एकशे बावन्न घरं. सगळी काढायची.

१० मार्च

याकडे प्रचाराची दुसरी फेरी म्हणून बघायचं. शोरूमवाल्यांची एकच झाली.

१३ मार्च

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

टेकडीखालच्या गावातलं शेवटचं घर. मीटर दाराच्या उजवीकडे, डोक्याच्या वर. ओट्यावर एक आजी शेंगा निवडत बसल्या होत्या. मी समोर जाऊन सांगितलं, मी उमेदवार क्रमांक सहा. त्यांनी वर पाहिलं, कोण रे बाबा तू, म्हणाल्या. पत्रक दाखवलं, फोटो दाखवला. मान हलवली. ओळखलं नाही, म्हणाल्या. मला वाटलं, नजर अधू झाली असेल. मी वळलो, टाचा उंचावून पेटी उघडली, आणि मागून आवाज आला, अगं बाई, मीटरवाला!

म्हणाल्या, तोंड कुठे पाहिलंय तुझं कधी? पाठ ओळखीची. डावा खांदा जरा खाली. लेकरं लहान होती तेव्हापासून बघतेय, यायचास, भिंतीकडे तोंड करून लिहायचास, निघून जायचास. एकदा माझा नवरा घरात शेवटच्या घटका मोजत होता, ओट्यावर माणसं जमली होती, तूही आलास, लिहिलंस आणि गेलास. आम्हाला वाटलं, मुका असशील बिचारा.

मला तो दिवस आठवेना. तीनशे बहात्तर फेऱ्यांतली कुठली ती? आजींनी बाजूला सरकून जागा केली. बसलो. शेंगा निवडू लागलो. त्या सुनेबद्दल बोलत होत्या, गुडघ्याबद्दल बोलत होत्या. मला मध्येच वाटलं की आपण उठूच नये. त्या घरात माझं काही नव्हतं, तरी वाटलं. दीड तास झाला. एवढा वेळ मी गेल्या वर्षभरात कोणाजवळ बसलेलो नाही. सलून धरलं तरी.

निघताना आजी म्हणाल्या, मत तुलाच. म्हणजे एक तरी मत पक्कं.

१४ मार्च

रात्रभर विचार केला. पाठ प्रसिद्ध आहे, तर पत्रकावर पाठीचा फोटो छापावा का? वेळ कमी आहे. राहू दे.

१७ मार्च

सकाळी दारावर थाप. पळत गेलो. इतक्या दिवसांत माझ्या दारावर पहिली थाप. शोरूमवाल्यांची माणसं होती, तिघं. मला अंदाज होताच. आता माघार घ्या म्हणून गळ घालतील. त्याला बाणेदार उत्तर मी आठवड्यापूर्वीच पाठ करून ठेवलं होतं.

त्यांनी माझ्या हातात शोरूमवाल्यांचं पत्रक ठेवलं. काका, लक्ष असू द्या, म्हणाले. मी कोण हे त्यांना ठाऊकच नव्हतं! माझं पत्रक भिंतीला चिकटवलेलं होतं, त्याच्याच खाली ते उभे. एकाने वही काढून विचारलं, घरात मतं किती?

दोन, म्हणालो. तोंडातून निघून गेलं. त्याने लिहून घेतलं. काकू कुठे दिसत नाहीत, म्हणाला. मी म्हटलं, आत आहे, झोपलीय.

दार लावल्यावर बराच वेळ तिथेच उभा राहिलो. आतून काही आवाज येतो का, असं उगीचच ऐकत.

२१ मार्च

प्रचार संपला. उद्या विश्रांती. निवडून आल्यावरच्या भाषणाचा मसुदा तयार आहे. त्यात हिचा उल्लेख आहे, शेवटून तिसऱ्या परिच्छेदात. 'माझ्या यशामागे सावलीसारखी उभी राहिलेली' असं लिहिलं होतं, ते खोडलं. खरं म्हणजे मी उभा होतो आणि ही स्वयंपाकघरात होती. दुसरं काय लिहावं ते सुचलं नाही. जागा कोरी ठेवलीय.

२३ मार्च, मतदानाचा दिवस

सकाळी सातला पहिलं मत माझं. खोलीतल्या माणसाने यादीत माझ्या नावावर रेघ मारली. रेघ मारताना त्याची पट्टी खालच्या नावावर, शिंप्यावर आली. मी बघत राहिलो. काका, पुढे चला, म्हणाला.

दिवसभर केंद्राबाहेर कडुनिंबाखाली उभा होतो. सलूनवाला दुकान बंद करून मत द्यायला आला. बोटाची शाई दाखवून म्हणाला, दिलं हो तुम्हाला. वर म्हणाला, कुणाला सांगू नका. दुपारी टेकडीखालच्या आजी नातसुनेबरोबर आल्या. मला पाहून लांबूनच हात हलवला. दिलं बाबा, पंख्याला दिलं, म्हणाल्या. मी म्हटलं, आजी, माझी कात्री. त्या म्हणाल्या, छे, कात्री कशी तुझी असेल? पंखा विजेवर चालतो ना!

मला राग आला नाही. नवल आहे.

२५ मार्च, दुपारी ४

निकाल. शोरूमवाले चार हजार एकशे सात. मुख्याध्यापिकाबाई दोन हजार आठशे. बादली तीनशे बारा. कात्री नऊ.

माझं धरून नऊ. सूचकच दहा होते. सलूनवाला म्हणतो की मोजणीत चूक झाली असेल. पहिल्यांदा माझ्या बाजूने बोलला आणि तेही खोटं. मी त्याला म्हटलं, चूक नाही. मोजण्याच्या बाबतीत मला कळतं. माझ्यासाठी त्याने दुकानातला टीव्ही बंद केला.

२५ मार्च, संध्याकाळी ७

फोन केला. आज हिनेच उचलला.

नऊ, म्हणालो. कळलं, म्हणाली, जावयाने मोबाइलवर दाखवलं. जेवलात का? मी म्हटलं, हो. जेवलो नव्हतो. मग मी सगळं सांगितलं. पान एकतीस, दोन खोल्या, स्वयंपाकघर, गॅलरी, दोन खुर्च्या. भाषणासारखं नाही, तुटक तुटक सांगितलं. ती ऐकत होती. पूर्वीही ऐकायची, पण आज ऐकतेय हे मला कळत होतं.

शेवटी म्हणाली, अहो, त्याला निवडून कशाला यायला हवं? चार तासांची बस आहे. पोरगं चालायला लागलं. आजोबा कोण विचारलं तर भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवतं. पंधरा महिन्यांत एकदा तरी येऊन उभे राहिला असतात.

मी म्हटलं, मे महिन्यातला तो फॉर्म मी पाहिला. ती म्हणाली, पाहिलात ना. बरं झालं. मला तोंडाने सांगायला जमत नव्हतं. मी तिथे परत येणार नाही. भांडून नाही. मला इथे बरं वाटतं. कुणी मोजत नाही.

छातीत दुखलं. हे लिहितानाही दुखतंय, आणि त्याला चहा जबाबदार नाही.

मग मी विचारलं, उद्या येऊ का? तिने मागचा टीव्ही बारीक करायला सांगितला. मग म्हणाली, या. पण मला न्यायला येऊ नका. पाहुण्यासारखे या. चार दिवस राहा, पोराशी खेळा, आणि जा. पुढचं पुढे.

मी म्हटलं, चालेल.

मग पत्ता विचारावा लागला. लेकीचा पत्ता. फॉर्मवर पाहिला होता, पण तेव्हा वाचला नव्हता. हिने सावकाश सांगितला, मी या वहीत लिहून घेतला. स्टेशनमागचा रस्ता, औषधाच्या दुकानासमोरची इमारत, तिसरा मजला, डावीकडचं घर. बेल बिघडलीय, म्हणाली, दार वाजवा.